खोडलेली ओळ

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी ४९ वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. लॉकडाऊनमध्ये डेप्थ सायकॉलॉजीवर, म्हणजे नेणिवेच्या मानसशास्त्रावर, वाचायला लागले आणि ते वेड काही सुटलं नाही. फ्रॉइड आणि युंग हे मनाचे डॉक्टर, युंगच्या शॅडो (सावली), पर्सोना (मुखवटा) या कल्पना, सगळं वाचून झालं. स्वप्नांच्या तीन वह्या भरल्या. एक स्वप्न सारखं पडतं. माहेरचा जुना वाडा, बाळंतिणीच्या खोलीचं दार बंद, आतून जात्याची घरघर, मी बाहेर उभी, आणि जाग येते. (किल्ली माझ्याच कमरेला खोचलेली असते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. आईनं लोकांची भाजणी, मेतकूट दळून आम्हा तिघांना वाढवलं. मी थोरली. 'तू माझी शहाणी गं,' असं आई म्हणायची. समुपदेशक बाईंकडे सात वेळा गेले. सहाव्या वेळी त्यांनी आईबद्दल विचारलं. सातव्या वेळी त्यांनी मला दहा मिनिटं बाहेर बसवलं. ते बेशिस्तीचं वाटलं, म्हणून पुन्हा गेले नाही. मला राग असा येतच नाही. धाकट्या जावेचं वागणं तेवढं खटकतं. मोठ्यानं बोलते, हवं ते मागून घेते, दुपारची खुशाल झोपते. पण त्याकडेही मी साक्षीभावानं बघते. आत काहीतरी आहे हे कळतं. जवळ गेलं की डोळ्यांवर झापड येते, नाहीतर कुकर लावायचा आठवतो. हा अडथळा ओलांडायची एखादी पद्धत सांगा.

ता. क. आई सहा वर्षांपूर्वी गेली. दहाव्याला कावळा शिवेना. धाकट्या भावाचं मी बघीन असं म्हटलं, तेव्हा शिवला. हे विषयाला सोडून आहे, तरी लिहिलं."

नमस्कार ताई,

तुमचं पत्र हातानं लिहिलेलं आलं, त्याचा मला फार उपयोग झाला. टाइप केलेल्या पत्रात खाडाखोड दिसत नाही. तुमच्या दुसऱ्या पानावर, आईबद्दल लिहायला सुरुवात केलीत तिथं, एक ओळ खोडलेली आहे. पहिले तीन शब्द वाचता येतात: 'आईला मी कधी'. पुढचं इतकं गिरवलंय की कागदाच्या मागे उठाव आलाय. त्याखाली लगेच नवी ओळ, अक्षर एकदम फळ्यावरचं: 'आई फार कष्टाळू होती.'

अडथळा नेमका कुठं आहे ते कळत नाही, असं तुम्ही म्हणता. मला तो चार पानांत एका जागी तरी शाईनं दाखवता येतो.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात. मुलानं उत्तर बरोबर काढलं की नाही हे शेवटच्या ओळीवरून कळतं. त्याचं डोकं कुठं अडलं हे मात्र कच्च्या कामात दिसतं, उजव्या समासातल्या खाडाखोडीत. तुमच्या तीन वह्या मी पाहिलेल्या नाहीत, पण पैजेवर सांगते, त्यांत कच्चं काम नसणार. स्वप्न, तारीख, प्रतीक, अर्थ. सगळं पक्क्या वहीत उतरवलेलं.

थोडा इतिहास सांगते. तुमचा वाचून झालेला असेल, पण मला तो तुमच्या पत्राशेजारी ठेवायचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात तरुण युंग शब्दांचे प्रयोग करत होता. रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर. 'डेप्थ सायकॉलॉजी' ही संज्ञाही त्यांच्याच नावावर जमा आहे. प्रयोग साधा होता. शंभर शब्दांची यादी, एकेक शब्द उच्चारायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि सेकंदाचा पाचवा हिस्सा दाखवणाऱ्या घड्याळावर वेळ टिपायची. उत्तर काय आलं यापेक्षा ते कुठं लांबलं, इकडे युंगचं लक्ष गेलं. वीस शब्दांना माणूस पटापट बोलतो आणि एकविसाव्याला अडखळतो, उगाच हसतो, 'काय म्हणालात?' असं विचारतो. मग तीच यादी पुन्हा वाचून आधीची उत्तरं आठवायला सांगितली, तर नेमक्या त्याच जागची उत्तरं विसरलेली असतात. या अडखळण्याच्या जागा जोडत गेलं की खाली एखादी दुखरी गोष्ट सापडते. तिला त्यानं कॉम्प्लेक्स म्हटलं. मराठीत आपण 'गंड' म्हणायला लागलो आणि त्यातला न्यूनगंड तेवढा शिल्लक ठेवला, हे आपलं नुकसान झालं.

तुमची झापड, तुमचा कुकर, तुमची खोडलेली ओळ हे ते घड्याळ आहे. तुम्ही ते बंद पाडण्याचा उपाय विचारताय.

सुरुवातीला फ्रॉइडही असाच अधीर होता. १८९२ च्या सुमारास तो रुग्णाच्या कपाळावर हात दाबून ठेवायचा आणि सांगायचा, मी हात काढला की तुम्हाला आठवेल. कधी कधी आठवायचं. पण एका तरुण रुग्णबाईचं उत्तर त्याच्या लक्षात राहिलं. हात दाबूनही ती 'काही नाही' म्हणायची, आणि दोनतीनदा विचारल्यावर सांगायची की हे तर पहिल्याच वेळी मनात आलं होतं, महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून बोलले नाही. पुढे फ्रॉइडनं हात काढला आणि नियम केला: मनात येईल ते सांगा, विषयाला सोडून वाटलं तरी सांगा. 'विषयाला सोडून आहे' हे शब्द तुमच्याही पत्रात आहेत. कुठं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथं मी येणारच आहे.

नंतर, १९१४ मध्ये, त्यानं आणखी एक गोष्ट लिहून ठेवली. मला ती त्याच्या गाजलेल्या सिद्धांतांपेक्षा जास्त कामाची वाटते. रुग्णाला 'तुमचा इथं प्रतिरोध (आतून होणारी अडवणूक) आहे' असं सांगून तो प्रतिरोध जात नाही. त्याची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो, त्याच्यासह काम करत राहावं लागतं. नवशिके डॉक्टर इथं गोंधळतात, त्यांना वाटतं उपचार ठप्प झाला. मीही त्या नवशिक्यांतली होते. शिकत असताना एका बाईंची फाइल मी दोनदा घरी विसरले आणि त्यांची वेळ नेहमी शुक्रवारची शेवटची ठेवायचे. माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, तेव्हा मी योगायोग म्हणाले. त्या बाई माझ्या आत्यासारख्या पदर सावरतात, हे माझ्या तोंडून बाहेर पडायला चार महिने लागले. तेव्हा मीसुद्धा भरपूर वाचलेलं होतं.

आता एका आपल्या माणसाबद्दल. युरोपातल्या मंडळींच्या घोळक्यात त्याचं नाव मागे पडतं. कोलकात्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता, तरी एका मुद्द्यावर ते हटले नाहीत. प्रत्येक इच्छेसोबत तिची उलटी इच्छाही जन्माला येते, असं बोस म्हणत. मारावंसं वाटतं तिथं मार खावासाही वाटतो. सांभाळावंसं वाटतं तिथं कुणी आपल्याला सांभाळावं असंही वाटतं. त्यातली एक जाणिवेत राहते, दुसरी नेणिवेत ढकलली जाते. सी-सॉच्या फळीसारखं, एक टोक वर म्हणून दुसरं खाली. उपचारात ते रुग्णाला आळीपाळीनं दोन्ही टोकांवर बसवत. ज्या माणसाबद्दल काही वाटतं, त्याच्या जागी स्वतःला कल्पायला लावत. फ्रॉइडला हे फारसं पटलं नाही. मला मात्र तुमचं पत्र वाचताना फ्रॉइडपेक्षा बोस जास्त आठवले.

कारण 'मला आत बघायचं आहे' या इच्छेवर तुम्ही चार पानं लिहिलीत. 'मला आत बघायचं नाही' हीसुद्धा तुमचीच इच्छा आहे, तितकीच खरी, वयानं बहुधा थोरली. तिला तुम्ही अडथळा म्हणता, जशी काही घाटात दरड कोसळली आहे आणि बांधकाम खात्यानं येऊन ती उचलायची आहे. ताई, दरडीला झापड आणता येत नाही. ऐन वेळी कुकरची आठवण करून देण्याइतकी हुशारी कुणीतरी दाखवतंय आणि ते तुमच्याच घरातलं माणूस आहे. त्याला ओलांडून जाण्याची पद्धत मी सांगणार नाही. त्याच्याशी बोलायला बसता येईल का, एवढंच बघू.

कोण आहे ते? खात्रीनं मला सांगता येत नाही, चार पानांवरून कुणालाच सांगता येणार नाही. माझा अंदाज असा की ती अकरा वर्षांची एक मुलगी आहे. वडील गेलेत, आई जात्यावर बसली आहे, दोन लहान भावंडं आहेत. त्या मुलीच्या लक्षात एक गोष्ट फार लवकर आली असेल की या घरात आता रुसायला, चिडायला, हट्ट करायला जागा नाही. जागा आहे ती शहाणं असण्याला, आणि त्या शहाणपणाला आईची शाबासकी मिळते. तो व्यवहार तेव्हा अगदी बरोबर होता. त्यावर घर तरलं. तिला अजून कुणी सांगितलेलं नाही की भावंडं मोठी झाली, आई गेली, आणि तू आता पन्नाशीला आलीस. ती आपली ड्युटी करते आहे.

आता ता. क. आमच्या व्यवसायात एक अनुभव नेहमीचा. पंचेचाळीस मिनिटं माणूस ऑफिस, हवा, पित्त यांवर बोलतो, आणि उठून दाराच्या कडीला हात घातला की म्हणतो, 'बाकी काही विशेष नाही, बायको माहेरी गेलीय, परत येणार नाही म्हणते.' तुमच्या पत्राच्या दाराची कडी म्हणजे तो ताजा कलम.

दहाव्याचा तो प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. पिंड ठेवायचा, मागे सरायचं, झाडाकडे बघत उभं राहायचं. कावळा येतो, भोवती फिरतो, शिवत नाही. मग कुजबुज सुरू होते, काय राहिलं असेल हो मनात? एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. नातवाचं शिक्षण करू, शेत विकणार नाही, म्हाताऱ्याला बघू. ज्या कुणी ही रीत घातली, त्याला मनाबद्दल पुष्कळ कळत होतं असं मला वाटतं. अपुरी इच्छा माणसाला जागच्या जागी धरून ठेवते, हे त्यात गृहीतच आहे. फक्त ती इच्छा गेलेल्याची. त्या दिवशी घाटावर सगळे तुमच्या आईची इच्छा शोधत होते. तिथं उभ्या असलेल्या तुमच्या मनात काय राहिलंय, हे विचारायची रीत नाही. तुम्ही पुढं झालात, धाकट्याचं बघीन म्हणालात, कावळा शिवला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अकराव्या वर्षी जी नोकरी लागली होती, तिची त्या दिवशी चारचौघांत मुदत वाढली.

बोसांच्या फळीचं दुसरं टोक इथं तपासून पाहा. 'धाकट्याचं बघीन' या शब्दाच्या खाली त्याचा उलटा शब्द कोणता असेल? तो मी लिहीत नाही. तो तुम्हालाच सुचायला हवा, आणि सुचला तर दचकू नका. तसं वाटणं म्हणजे तसं करणं नव्हे. भावाचं तुम्ही करत राहाल, तुमचा स्वभावच आहे तो. पण उलट्या टोकावर कोण बसलंय हे माहीत असून केलेलं करणं आणि माहीत नसताना केलेलं करणं यांत फरक पडतो. पहिल्यात कधीतरी 'या महिन्यात नाही जमणार' म्हणता येतं.

जाऊबाईंकडे वळते. मला इथं थोडं हसू आलं, राग मानू नका. (येत नाहीच म्हणा.) मूळ पत्रात त्यांच्या दुपारच्या झोपेचा उल्लेख तीन वेळा आहे, एकदा तर वेळेसकट: दोन ते साडेतीन. स्वतःच्या पर्सोनाबद्दल तुम्ही अर्धं पान लिहिलंय, त्यात असा नेमका तपशील एकही नाही. शॅडो म्हणजे आपली सावली, आपल्यातलं आपण नाकारलेलं, ते दुसऱ्यावर दिसतं, ही व्याख्या तुम्हाला पाठ आहे. ती जावेला लावून बघायची राहिली. मोठ्यानं बोलणं, हवं ते मागणं, दमलं की झोपणं. घराच्या थोरल्या शहाण्या मुलीला नेमक्या याच तीन गोष्टी परवडणाऱ्या नव्हत्या.

याचा अर्थ जाऊबाई गरीब गाय आहेत असं नाही. आगाऊ असतीलही. कपडा टांगायला भिंतीत खुंटी असावी लागते, तशी आपली सावली टांगायलाही समोरच्या माणसात थोडी खुंटी लागते. तुमचं काम वजाबाकीचं आहे. त्या वागण्यावर त्रयस्थ माणसाला जितकी चीड येईल तितकी बाजूला काढा. उरते ती तुमची.

आणि साक्षीभाव. हा शब्द मला धोक्याचा वाटतो. साक्षीभाव खोटा आहे म्हणून नव्हे, तो फार मोलाचा आहे म्हणून. साक्षी व्हायला आधी काहीतरी घडावं लागतं. राग आला, अंगात भिनला, कानशिलं तापली, आणि ते पाहिलं, तर साक्ष. राग यायच्या आतच कुलूप लावलं आणि रिकाम्या अंगणाकडे शांतपणे बघत बसलं, तर त्याला साक्ष कसं म्हणायचं? १९३७ च्या अखेरीस युंग भारतात आला होता, कोलकात्याच्या विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवासाठी. विद्यापीठांनी त्याला डॉक्टरेट दिल्या. पण तिरुवन्नामलईला रमण महर्षींच्या भेटीला तो गेला नाही. त्यावरून त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. त्याच प्रवासाबद्दल त्यानं लिहिलंय की मुक्त होण्याआधी ज्यातून मुक्त व्हायचं ते पुरतं जगून झालेलं असावं, नाहीतर सोडलेली गोष्ट शेजारच्या घरात जाऊन बसते आणि तिथून आग लावते. महर्षींच्या बाबतीत तो चुकला असेल. तुमच्या शेजारच्या खोलीतल्या दोन ते साडेतीनबद्दल मात्र त्याचं ऐकण्यासारखं आहे.

म्हणून पहिलं सांगणं: या रविवारी दुपारी दार लावून अर्धा तास आडवं व्हा. झोप आली नाही तरी चालेल. मोबाइल बाहेर. अर्ध्या तासात अंगात आणि डोक्यात काय काय होतं ते बघा. बहुतेक पाचव्या मिनिटाला कुणीतरी उठवायला येईल, बाहेरून किंवा आतून. आतून कुणाच्या आवाजात हाक येते, ते लक्षात ठेवा.

दुसरं सांगणं तुम्हाला आवडणार नाही. सहा आठवडे वाचन बंद. व्हिडिओ, पॉडकास्ट, सगळं. मी वर बोसांबद्दल लिहिलं, त्यांचं पुस्तक शोधायलाही जाऊ नका. (नाव वाचल्या वाचल्या फोन हातात घेतला असणार.) बुद्धीच्या आडोशाला जाऊन भावना टाळणं, हा बचावाचा एक प्रकार फ्रॉइडची मुलगी ॲना फ्रॉइडनं १९३६ मध्येच मांडून ठेवला होता. तो हुशार माणसांचा बचाव आहे, कारण त्याला टाळ्या मिळतात. तुम्ही स्वप्नाला 'ग्रेट मदर आर्किटाइप' (आदिमातेची प्रतिमा) असं नाव दिलंत आणि ते वहीत बंद झालं. बाळंतिणीच्या खोलीत जातं का होतं, हा साधा प्रश्न राहून गेला. तुमच्या वाड्यात जातं कुठं असायचं? माजघरात? मग ते स्वप्नात तिथं कुणी नेलं?

स्वप्नाचा अर्थ मी सांगणार नाही. पंचांगामागच्या स्वप्नफळात आणि इंटरनेटवरच्या प्रतीककोशात मला फार अंतर दिसत नाही. साप म्हणजे अमुक, पाणी म्हणजे तमुक. युंगचा एक किस्सा तेवढा सांगते, तो त्यानं स्वतःच सांगितलाय. एका बाईंचे उपचार रखडले होते. त्याला स्वप्न पडलं की आपण दरीतल्या रस्त्यानं चाललोय, वर टेकडीवर किल्ला, किल्ल्याच्या सर्वांत उंच बुरुजाच्या कठड्यावर एक बाई बसली आहे. ती नीट दिसावी म्हणून त्यानं मान इतकी मागे टाकली की जाग आली तेव्हा मान दुखत होती. बाई म्हणजे तीच रुग्ण. तो विचार करत बसला की स्वप्नात हिच्याकडे इतकं वर बघावं लागलं, म्हणजे जागेपणी मी हिला खाली लेखत असणार. त्यानं ते तिला सांगितलं आणि अडलेली गाडी पुढे सरकली. स्वप्न जागेपणीचा तोल सावरतं, एवढंच त्यातून घ्या. जागेपणी तुम्ही म्हणता, दार उघडत नाही, उपाय सांगा. स्वप्न म्हणतं, किल्ली कमरेला आहे. आणि ते तुम्ही कंसात लिहिता.

किल्ली असून दार उघडत नाही, त्याअर्थी न उघडण्याला कारण असणार. तिसरं काम त्यासाठी. रोज नको, आठवड्यातून दोनदा, पंधरा मिनिटं, साध्या रफ वहीत, दाराबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलीच्या तोंडून लिहा: 'मी दार उघडत नाही, कारण…'. खोडायचं नाही. चुकलं तर चुकीची ओळ तशीच ठेवून पुढची लिहायची. झापड आली की समासात वेळ टाका आणि थांबा, तेवढं पुरे. कुकर आठवला तर तेही लिहा. सहा आठवड्यांनी अर्थ लावत बसू नका, नुसत्या त्या वेळांच्या आधीच्या ओळी एका रंगानं रंगवा. युंगचं घड्याळ तुम्हाला घरबसल्या मिळेल.

मागच्या पिढीतल्या मराठी वाचकाला विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे आपल्या समजुती विवेकानं तपासणं, जास्त ओळखीची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ती पद्धत किशोर फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि मीही ती रोज वापरते. 'मी शहाणंच असलं पाहिजे' यातल्या 'च'वर बोट ठेवायला ती उत्तम. कुणी विचारेल, मग या खोल विहिरीत उतरायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. फ्रॉइड-युंगांचं पुष्कळसं सांगणं तपासता येत नाही, असा आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं घेतला होता, आणि त्यात तथ्य आहे. मी त्यांचा धर्म पाळत नाही. पण तुम्हाला 'च' चुकीचा आहे हे ठाऊक आहे, तुम्ही तो वर्गात मुलांनाही समजावून सांगाल, आणि तरी संध्याकाळी भावाच्या हप्त्याचे पैसे पाठवाल. तेव्हा तो 'च' कुणाच्या आवाजात येतो हे ऐकायला थोडं खाली उतरावं लागतं.

उतरताना दोर बांधलेला असावा. १९१३ नंतरच्या काही वर्षांत युंग स्वतः नेणिवेच्या लोंढ्यात सापडला होता. तेव्हा आपण कशाला धरून राहिलो, ते त्यानं सांगितलंय: मला बायको आहे, पाच मुलं आहेत, मी क्युस्नाख्टमध्ये झेश्ट्रासे २२८ इथं राहतो, माझे रुग्ण माझी वाट बघताहेत. इतकं साधं. तुमचं कॉलेज, पहिला तास, घरचा स्वयंपाक हे या कामातले अडथळे नाहीत, तो दोर आहे. सलग काही रात्री झोप उडाली, रडू थांबेना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आणि माणसाशी बोलण्यावरून, त्या समुपदेशक बाई. सहाव्या वेळी त्यांनी आईबद्दल विचारलं आणि सातव्या वेळी त्यांच्या दहा मिनिटांनी तुमचं येणं थांबवलं. उशीर ही त्यांची चूक, ती मी झाकत नाही. पण तुमच्या वर्गात मुलं दहा मिनिटं उशिरा येतात तेव्हा तुम्ही नोकरी सोडत नाही. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, आत त्या दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होत्या, आणि तुम्ही शहाण्यासारखी वाट बघत होतात. असं आधी कधी, कुणासाठी, किती वर्षं बसला होतात? आता पुन्हा पत्रातल्या त्या वाक्याकडे बघा: मला राग असा येतच नाही. राग आला होता. इतका आला होता की दार लोटून कायमचं निघून आलात, आणि नाव दिलंत बेशिस्त.

तो राग मुळात जिच्यावर होता तिच्यासमोर तो बोलता आला नाही. या बाईंसमोर येईल, कारण त्यांना भावंडं वाढवायची नाहीत आणि तुमच्या रागानं त्यांचं घर पडणार नाही. त्यासाठीच त्या फी घेतात. फोन करा, वेळ मागा, आणि पहिलं वाक्य घोटून न्या, नाहीतर तुम्ही 'नाही हो, काही नाही, मीच जरा कामात होते' म्हणाल. असं म्हणता येईल: 'तुम्ही मला दहा मिनिटं बसवलंत, मला त्याचा राग आला, म्हणून मी आले नाही.' चांगल्या समुपदेशक असतील तर सफाई देणार नाहीत, विचारतील. आणि सफाईच देत बसल्या तर दुसऱ्या शोधा, पण ते वाक्य त्यांना ऐकवून मग.

खोडलेली ओळ मी उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न केला नाही. मोह झाला होता. 'आईला मी कधी' याच्या पुढचं तुम्ही कुणासमोर पुरं करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर त्या दहा मिनिटं उशीर करणाऱ्या बाईंना पहिला मान द्यावा. रविवारी झोप झाली की सोमवारी फोन करा, तुमचा पहिला तास संपल्यावर.